फोटोतला तन्मणी

एका जुन्या घराण्याच्या फोटोसंग्रहाची नोंद करताना नऊवारीतल्या एका बाईंचा रंगवलेला स्टुडिओ फोटो हाती आला. सोबतच्या टिपणात ‘घरची गर्भश्रीमंती’ असा उल्लेख होता, आणि पुरावा म्हणून गळाभर दागिने. ते तसंच उतरवून घेणं मला पटेना. रंगवलेल्या फोटोत आधी शोधायचं ते हे की कॅमेऱ्यानं काय टिपलं आणि कुंचल्यानं काय घातलं.

दिवा एका बाजूनं, कागदाला जवळजवळ टेकवून धरला की रंगाचा थर उठून दिसतो. मग भिंग. गोठ-पाटल्यांवर सोनेरी रंग होता, पण त्याच्या कडेनं खालचा फोटो डोकावत होता: काळपट कडं, त्यावर चकाकीचा पांढरा ठिपका, मनगटावर पडलेली सावली. दागिना खरा, रंग तेवढा वरचा. यात लबाडी नाही. त्या काळी कॅमेऱ्यात फिल्मऐवजी असायची त्या साध्या काचेच्या प्लेटवर निळा रंग उजळ यायचा, पिवळा आणि लाल काळपट. कुंकू काळं, सोनंही काळं! ते सोनं वाटावं म्हणून रंगवणं भागच होतं.

तन्मण्याची गोष्ट वेगळी. मोत्यांचे सर पदराच्या चुण्यांवरून पट्टीनं आखावेत तसे सरळ गेले होते. खरे सर चुणीबरोबर खालीवर होतात. सावली कुठेच नाही. रंगाचा टवका उडाला होता तिथे खाली नुसतं लुगडं. फोटो काढला तेव्हा हा तन्मणी गळ्यात नव्हताच. त्याचं सोनेरी कोंदण हिरवट पडलं होतं, म्हणजे रंगात पितळेची भुकटी. शुद्ध सोन्याचा वर्ख असा हिरवा पडत नाही.

खुर्ची, फुलदाणी, मागचा रंगीत पडदा हे बहुधा स्टुडिओचंच सामान, त्यावरून घर ओळखू नये. मांडीवरचं पुस्तकही त्यातलंच असू शकतं. नथ आणि कुंकू सवाष्णपण सांगतात, पैसा नाही. मी भर दिला तो पाटल्यांवर. दागिने मागून आणण्याची रीत होतीच, पण मागून आणलेल्या पाटल्या सहसा ढिल्या बसतात किंवा रुततात. या अगदी मापाच्या होत्या. आणि पायांत मोजे-बूट. बाईनं बूट घालणं जिथे टीकेचा विषय होई, तिथे ही खूण श्रीमंतीपेक्षा सुधारकी वळणाच्या घराची वाटते.

नोंदीत लिहिलं: ‘गोठ, पाटल्या, नथ मूळ छायाचित्रात; तन्मणी नंतर रंगवलेला; सांपत्तिक स्थिती बेताची ते बरी, निश्चित नाही.’ घरच्यांचं टिपणही फोटोसोबतच ठेवलं.