लिफ्ट होईपर्यंतची वाट

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर 2022 पासून मी व्हीलचेअरवर आहे. दर चार महिन्यांनी तपासणीसाठी मला मुंबईला जावे लागते, आणि रात्रभर एका जागी बसून राहणे शक्य नसल्यामुळे बसचा विचार करता येत नाही. रेल्वेत निदान आडवे होता येते. गोव्यातल्या फोंड्याहून आम्ही ज्या स्थानकावर जातो, तिथे आमची मुंबईची गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या फलाटावर येते. दोन्ही फलाटांना जोडणारा पादचारी पूल आहे, पण त्याला केवळ पायऱ्या होत्या. त्यामुळे सुरुवातीला माझा मार्ग ठरून गेला होता. सामानाच्या हातगाड्या नेण्यासाठी फलाटाच्या टोकाला जो उतार असतो, तिथून रेल्वे कर्मचाऱ्याच्या देखरेखीखाली रूळ ओलांडायचे. पुढची लहान चाके रुळालगतच्या फटीत अडकत असल्याने हमाल खुर्ची उलटी फिरवून मागच्या चाकांवर ओढत नेत असे. ही व्यवस्था चांगली होती असे मी म्हणणार नाही, तिच्यात धोका होता. परंतु तिच्या आधाराने मी पाच वेळा मुंबईला जाऊन आलो.

नोव्हेंबर 2023 मध्ये पुलाला लिफ्ट बसवण्याचे काम सुरू झाले. काम मे 2024 मध्ये पूर्ण होईल असे फलकावर लिहिले होते, आणि तो फलक वाचून मला व माझ्या पत्नीला झालेला आनंद अजून आठवतो. पुलाची उंची फलाटापासून सहा मीटर धरली, तरी 1:12 या प्रमाणाने (एक मीटर उंचीला बारा मीटर लांबी) रॅम्प 72 मीटर लांब करावा लागला असता, म्हणून अशा ठिकाणी लिफ्ट हाच खरा उपाय आहे. मात्र खडी, चिरे आणि लोखंडी सळ्या ठेवण्यासाठी जी जागा निवडली गेली, ती नेमकी फलाटाच्या टोकाच्या त्या उतारावरची होती. पुढे केबल टाकण्यासाठी रुळांकडे जाणारी वाटही खणली गेली. ज्यांच्यासाठी लिफ्ट उभी राहत होती, त्यांचाच स्थानकातला एकमेव मार्ग असा बंद झाला.

फेब्रुवारी 2024 मध्ये चार जणांनी मला खुर्चीसकट उचलून पायऱ्यांवरून नेले. त्यांनी मनापासून मदत केली, तरी मधल्या टप्प्यावर एकाचा हात निसटला आणि खुर्ची एका बाजूला कलली, तो क्षण आम्ही दोघेही विसरू शकलेलो नाही. जूनची तपासणी मी चुकवली.

त्यानंतरचे काही महिने मी एकच प्रश्न विचारत राहिलो, की लिफ्ट कधी सुरू होणार. मे महिना संपला, पाऊस लागला. "पावस सोंपूं दी, मास्तर, मागीर पळोवया" (पाऊस संपू दे, मग पाहू), असे मला कामावरच्या मुकादमाने सांगितले, आणि त्याचे म्हणणे खोटे नव्हते. लिफ्टसाठी जमिनीखाली खड्डा घ्यावा लागतो, आपल्याकडच्या पावसात तो पाण्याने भरतो, आणि आतून गळती पूर्ण थांबल्याखेरीज यंत्रणा बसवता येत नाही. पाऊस ओसरता ओसरता चवथ (गणेश चतुर्थी) आली, कामगार गावी गेले. मग एक सुटा भाग येण्याचा राहिला होता, त्यानंतर वीजजोडणी. यातले प्रत्येक कारण वेगळे पाहिले तर समजण्यासारखे होते, आणि म्हणूनच प्रत्येक वेळी मी नवी तारीख घेऊन घरी परतत होतो.

जानेवारी 2023 मध्ये पणजीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा पहिला महोत्सव झाला, तेव्हा मी तिन्ही दिवस तिथे होतो आणि तात्पुरत्या रॅम्पवरून कोणाचाही हात न धरता फिरलो होतो. या वाट पाहण्याच्या काळात एका रात्री हे आठवले आणि माझ्या लक्षात आले की आपला प्रश्नच चुकला आहे. लिफ्ट पूर्ण होण्याची तारीख ना माझ्या हातात होती, ना स्थानकावरच्या अधिकाऱ्याच्या. काम चालू असताना मी कोणत्या वाटेने जायचे, हे मात्र स्थानकावरच ठरवता येण्यासारखे होते.

म्हणून माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडून मी दोनच गोष्टी विचारल्या: काम चालू असताना व्हीलचेअरवरील प्रवाशांसाठी कोणती पर्यायी व्यवस्था मंजूर आहे, आणि कंत्राटाच्या अटींत तिचा उल्लेख आहे का. कायद्यातील तीस दिवसांची मुदत संपण्यापूर्वीच उत्तर आले. अशी व्यवस्था मंजूर नाही आणि अटींतही तिचा उल्लेख नाही, एवढेच त्यात होते. आधीच्या सगळ्या तोंडी आश्वासनांपेक्षा ते एक पान मला अधिक उपयोगी पडले.

रेल्वे हा केंद्राचा विषय असल्याने तक्रार दिल्लीच्या मुख्य दिव्यांगजन आयुक्तांकडे जाते. तिथे पाठवायचा अर्ज मी तयार केला आणि त्याची प्रत आधी स्थानकाच्या वरिष्ठ कार्यालयाला दिली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 41 मध्ये रेल्वे स्थानकांवरील सुविधांचा स्पष्ट उल्लेख आहे. कलम 45 नुसार अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येण्याजोग्या, व्हायच्या होत्या. नियम जून 2017 चे आहेत, म्हणजे ती मुदत 2022 मध्येच संपली. पुढे 8 नोव्हेंबर 2024 रोजी सुगमतेसाठी राजीव रातुरी यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे निकष केवळ मार्गदर्शक ठेवणारा नियम 15(1) कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक निकष तीन महिन्यांत आखण्यास केंद्राला सांगितले. त्या निकालाचा संदर्भ देऊन मी दुसरे पत्र दिले.

डिसेंबरमध्ये मला बोलावणे आले. मी दोन मागण्या मांडल्या: टोकाच्या उतारावरचे सामान हलवून रुळांपर्यंतची वाट पूर्ववत करावी, आणि मी आदल्या दिवशी कळवल्यास शक्य तेव्हा गाडी पहिल्या फलाटावर घ्यावी. दुसरी मागणी पूर्णपणे मान्य होणार नाही हे मला ठाऊक होते, कारण मार्ग एकेरी असल्याने कोणती गाडी कोणत्या फलाटावर थांबेल हे समोरून येणाऱ्या गाडीच्या क्रॉसिंगवर अवलंबून असते. अभियंत्यांनी ही अडचण सांगितली आणि मी ती मान्य केली. पहिली मागणी तीन आठवड्यांत पूर्ण झाली. रुळांमधल्या भागात लाद्या बसवून फट इतकी कमी केली गेली, की खुर्ची उलटी फिरवावी लागेनाशी झाली.

उताराबाबत मात्र पुन्हा जावे लागले. साठ सेंटिमीटर उंचीसाठी नवा उतार तीन मीटरचा बांधला होता, म्हणजे प्रमाण 1:5 झाले. त्यावरून खाली येताना खुर्ची हातात राहत नाही, आणि वर चढताना ती मागे उलटण्याची भीती असते. मी टेप घेऊन गेलो, कनिष्ठ अभियंत्यांच्या समोर लांबी मोजली आणि साठ सेंटिमीटरसाठी 7.2 मीटर लागतात हे कागदावर लिहून दाखवले. सरळ तेवढी जागा नव्हती. त्यांनी थोडा वेळ विचार केला, मग मध्ये सपाट टप्पा ठेवून उतार वळवण्याची कल्पना त्यांनीच काढली आणि दोन्ही बाजूंना कठडेही लावून घेतले. एप्रिल 2025 मध्ये मी त्या वाटेने गाडीपर्यंत गेलो, तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेल्या दोन आजीबाई पायऱ्या सोडून आमच्यामागून त्याच उतारावरून चालत आल्या.

लिफ्ट ऑक्टोबर 2025 मध्ये सुरू झाली. ती प्रशस्त आहे, आत बटणांवर ब्रेल आहे आणि मजल्याची घोषणा ऐकू येते. आता काम संपले म्हणून तात्पुरता उतार तोडण्याचे ठरत असल्याचे कानावर आले, तेव्हा तो राहू द्यावा असे पत्र मी दिले आहे. उत्तर अद्याप आलेले नाही. गेल्या वेळी मी स्थानकावर पोहोचलो तेव्हा वीज गेलेली होती. "लिफ्ट चालू ना, मास्तर" (लिफ्ट चालू नाही), असे म्हणून हमालाने खुर्ची फलाटाच्या टोकाकडे वळवली, आणि मी वेळेत गाडीत बसलो.