मँटलचं कार्ड एक मिलिमीटर आखूड

बुटांचा एक खोका, काळ्या पानांचा एक आल्बम आणि चाकांच्या बॅगेत कोंबलेली दोन जड खोकी. वडिलांचं पेनसिल्व्हेनियातलं घर रिकामं करत असलेल्या दोघी बहिणी २०२३ च्या वसंतात हे सगळं घेऊन आमच्या न्यू जर्सीतल्या टेबलापाशी आल्या. आदल्या ऑगस्टमध्ये टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या बेसबॉल कार्डांच्या संचातलं, खेळाडू मिकी मँटलचं एक कार्ड हेरिटेज या लिलावघराच्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं होतं. त्या बातमीनंतर या भागातले पोटमाळे भराभर उघडले जात होते. टेबलावर माझं काम एवढंच: कार्ड खरं की नक्कल, त्याला कुणी कात्री-रंग लावलाय का, आणि ग्रेडिंगला, म्हणजे अवस्थेनुसार १ ते १० अंक देऊन कार्ड प्लास्टिकच्या डबीत बंद करणाऱ्या कंपनीकडे, पाठवण्यात अर्थ आहे का, ते सांगायचं.

बुटांच्या खोक्यात सगळ्यात वर, चार स्क्रूंनी आवळलेल्या जाड अॅक्रिलिकमध्ये, तेच कार्ड होतं. क्रमांक ३११. थोरलीने पर्समधून एक कागद काढला. त्यावर मँटलच्या विक्रीचे आकडे छापून आणले होते. २०१८ मध्ये २८ लाख ८० हजार, जानेवारी २०२१ मध्ये ५२ लाख, आणि मग ते १ कोटी २६ लाख. आकडे सगळे बरोबर होते. पहिली दोन कार्डं पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या ९ ग्रेडची, तिसरं एसजीसी या दुसऱ्या कंपनीच्या ९.५ चं, हे मात्र त्या कागदावर नव्हतं. आणि या धंद्यात सगळी मेख तिथेच असते.

हे मँटलचं पहिलं कार्डही नाही. पहिलं १९५१ चं, बोमन कंपनीचं. तरी १९५२ चं महाग, कारण टॉप्सचा तो पहिला मोठा संच. ४०७ कार्डांचा. त्यातली ३११ ते ४०७ ही शेवटची मालिका बेसबॉलचा हंगाम सरता सरता बाजारात आली, तोवर पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं. माल पडून राहिला. संच घडवणारे टॉप्सचे साय बर्जर यांनी नंतर सांगितलं की १९६० च्या सुमारास त्यांनी उरलेली खोकी कचऱ्याच्या बार्जवर चढवून समुद्रात बुडवली. मँटलचं कार्ड त्या मालिकेत दुप्पट छापलेलं आहे, म्हणजे मालिकेतल्या इतरांपेक्षा ते जास्तच सापडतं. दुर्मीळ आहे ते चांगल्या अवस्थेतलं. पीएसएने १० दिलेली फक्त तीन आहेत, ९ दिलेली सहा.

आधी आवरण उघडलं. हे स्क्रूवालं अॅक्रिलिक १९८० च्या दशकात सगळे वापरायचे, आणि त्याने खूप कार्डं बिघडवली. स्क्रू पूर्ण आवळले की कार्ड दाबलं जातं, कोपरे पसरतात, आणि कधी वरचा थर अॅक्रिलिकला चिकटतो. उघडताना एकच स्क्रू पूर्ण काढायचा नाही. समोरासमोरचे कोपरे धरून अर्धा-अर्धा फेरा सैल करायचा, म्हणजे दाब एकसारखा सुटतो. वरची पट्टी सरळ उचलायची, सरकवायची नाही. हे कार्ड चिकटलेलं नव्हतं.

नक्कल असेल ही शंका पहिल्या मिनिटातच गेली. टॉप्सने १९८३ मध्ये या संचाची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली होती, पण ती आजच्या प्रमाण मापाची आहे, २½ × ३½ इंच. १९५२ चं मूळ कार्ड त्याहून मोठं, २⅝ × ३¾ इंच. घरगुती नकला मापात बरोबर असतात, तिथे दहा पट भिंग लागतं. मूळ कार्डावर चौकटीच्या रेघा आणि खेळाडूची सही सलग शाईत उमटलेली असते. नक्कल ही फोटोचा फोटो असल्यामुळे त्या काळ्या रेघाही ठिपक्यांत फुटलेल्या दिसतात. इथे रेघ सलग होती. पाठीमागे, क्रमांक असलेल्या चेंडूच्या टाक्यांची दिशा पाहिली. दुप्पट छपाईमुळे मँटलच्या दोन तऱ्हा आहेत आणि टाके एकीत डावीकडे, दुसरीत उजवीकडे वळतात. दोन्ही अस्सल. कार्ड खरं होतं.

मग मी ते स्टीलच्या पट्टीवर ठेवलं. व्हर्नियर कॅलिपर वापरत नाही, त्याच्या जबड्याने कडेला खळगा पडतो. रुंदी ६६ मिलिमीटरच्या वर, ठीक. उंची सव्वापंच्याण्णव हवी, ती चौऱ्याण्णवच्या जरा वर भरली. साधारण एक मिलिमीटर कमी.

एवढ्यावरून कार्ड कापलंय असं म्हणता येत नाही. त्या काळी छापील तावांचे गठ्ठे गिलोटिनने कापायचे आणि पातं थोडं इकडेतिकडे जायचं. कारखान्यातूनच आखूड आलेली कार्डं असतात. पण खोक्याने आमचं काम सोपं केलं: त्याच शेवटच्या मालिकेतली आणखी नऊ कार्डं त्यात होती, बहुतेक एकाच दुकानातून, एकाच सुमारास घेतलेली. ती सगळी ९५ ते साडेपंच्याण्णवच्या आत भरली. नऊंच्या मध्ये मँटल उभं करून खालच्या कडा टेकवल्या, तर वर मँटलच्या जागी खाच पडली. बोटालाही लागत होती.

त्यानंतर कोपरे. खालचे दोन गोल झालेले, कागद फुलून सुटा झालेला. वरचे दोन टोकदार. सत्तर वर्षांपूर्वीच्या मुलाने कार्ड हाताळलं तर चारही कोपरे झिजतात. दोनच झिजलेले दिसले की वरची कड कुणीतरी नवी केली असं समजायचं. वरची पांढरी किनारही खालच्यापेक्षा बरीच अरुंद होती. तिसरी खूण भिंगाखाली: कारखान्याच्या कापाला बारीक तंतूंची लव असते आणि ती सगळ्या कडांवर सारखी असते. वरच्या कडेवर लव नव्हती. काप गुळगुळीत आणि किंचित तिरका, पातं हातात धरून ओढल्यासारखा. रंगावर मी भर देत नाही. ताजा काप पांढरा दिसतो हे खरं, पण चाळीस वर्षांपूर्वी कापलेली कडही आता पिवळी पडलेली असते.

"म्हणजे बाबांनी कापलं?" धाकटीने विचारलं.

कुणी कापलं ते कार्ड सांगत नाही. १९८० च्या दशकात ते गुन्ह्यासारखं वाटतही नव्हतं. तेव्हा ग्रेडिंग फारसं रुळलेलं नव्हतं, मेळ्यांमध्ये कोपरे टोकदार दिसले की भाव वाढायचा आणि कटर सगळ्यांकडे असायचे. सगळ्यात प्रसिद्ध कार्डाचंही हेच झालंय. टी२०६ या जुन्या सिगारेट-कार्डांच्या संचातलं, बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं जे कार्ड १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि संघमालक ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं, ते पीएसएने ग्रेड दिलेलं पहिलं कार्ड. त्याला ८ मिळाले होते. ते आपणच कापलं होतं, अशी कबुली लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये कोर्टात दिली. ते कार्ड आजही ८ च्याच डबीत आहे. बाकीच्यांना ही सवलत मिळत नाही.

थोरली गप्प होती. मग म्हणाली, तळघरात फोटो कापायचा हातदांड्याचा कटर अजून आहे, कालच त्यावर किमतीची चिठ्ठी लावली.

आता व्यवहाराचं. कापलेल्या कार्डाला अंक मिळत नाही, 'अस्सल, बदल केलेलं' एवढा शिक्का मिळतो. तरी मँटल मँटलच असतो. अशा कार्डालाही पाच आकडी डॉलर येतात, साधारण सगळ्यात खालच्या, १ ग्रेडच्या कार्डाच्या आसपास. पण पाठवताना घोषित किंमत ८ ग्रेडच्या हिशेबाने लिहिली तर भुर्दंड बसतो, कारण ग्रेडिंगची फी घोषित किमतीच्या टप्प्यांवर ठरते आणि विमाही त्याच आकड्यावर. म्हणून फॉर्मवर आधीच लिहायचं: अंक नको, अस्सलपणाचा शिक्का पुरे. डबीत न घालता विकण्यात शहाणपण नाही, २०२० नंतर आलेला खरेदीदार डबीबाहेरच्या मँटलला हात लावत नाही. आणि कापलेलं आहे हे लपवून विकायचा विचार कुणी केला तर तो टेबलावरच सोडायचा.

नऊ कार्डांकडे त्यांचं लक्षच नव्हतं. नावं अनोळखी, कोपरे मऊ. मात्र कड अस्सल आणि मधे घडी नाही. शेवटच्या मालिकेतल्या साध्या खेळाडूलाही, मधल्या ग्रेडमध्ये, शंभरांच्या पटीत डॉलर येतात. एक कार्ड क्रमांक ४०७ होतं, एडी मॅथ्यूज. संचातलं शेवटचं, आणि मॅथ्यूजचं पहिलंही. मुलं कार्डं क्रमाने लावून रबरबँड घालायची, त्यामुळे पहिलं म्हणजे अँडी पाफ्को आणि शेवटचं मॅथ्यूज, या दोघांच्या कडांना खाचा पडतात. पाफ्को काही मँटल नाही, पण म्हणूनच त्याचं स्वच्छ कार्ड महाग. यांच्या मॅथ्यूजलाही दोन्ही बाजूंना खाच होती. एका गठ्ठ्यावर जुना रबरबँड वितळून चिकटला होता. तो ओढायचा नाही. कात्रीने तोडून सुटे तुकडे पडू द्यायचे आणि चिकटलेला भाग तसाच ठेवायचा. ओढलात तर छपाईसकट निघतो.

सेंटरिंग, म्हणजे चित्र किनारींच्या किती मधोमध आहे ते, कसं मोजायचं हे धाकटीला दाखवलं, कारण उरलेली छाननी त्यांना घरीच करायची होती. डावी किनार ३ मिलिमीटर आणि उजवी २, तर बेरीज ५, म्हणजे ६०/४०. समोरच्या बाजूला ६५/३५ पर्यंत ८ मिळू शकतात, ७०/३० पर्यंत ७. कोपरे कितीही सुरेख असले तरी ८०/२० च्या कार्डाला ६ च्या वर जाता येत नाही. जुन्या कार्डांत निम्मा माल इथेच गळतो.

आता आल्बम. मला त्या दिवशी खरा रस इथे होता. काळ्या पानांवर खळीने चिकटवलेली चाळीसेक बारकी कार्डं, १९०९ ते १९११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून आलेली. टी२०६ हे नाव संग्राहक जेफरसन बर्डिक यांच्या कार्डांच्या सूचीतलं. टी म्हणजे तंबाखू. त्यांनी तीन लाखांवर कार्डं आणि छापील कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिले. आल्बमच्या शेवटी, वेगळ्या प्लास्टिकच्या खिशात वॅग्नर होता. अतिनील दिव्याखाली तो निळसर पांढरा चमकला. कागद उजळवणारी ती रसायनं १९१० च्या कागदात नसतात. नक्कल. अर्ध्या मिनिटात संपलं. (दर महिन्याला दोन-तीन वॅग्नर येतात. खरे जगात साठच्या आसपास आहेत. २०२२ मध्ये त्यातला एक, फक्त २ ग्रेडचा, ७२ लाख ५० हजारांना विकला गेला.)

चिकटवलेली कार्डं दिव्याखाली मंद, करडी राहिली. खरी. त्यात टाय कॉबचं लाल पार्श्वभूमीचं कार्ड होतं. कॉबच्या चार चित्रांपैकी हे सगळ्यात सहज मिळणारं, तरी कॉबच. पण टी२०६ ची किंमत पाठीवरही ठरते. तिथे सिगारेटच्या ब्रँडची जाहिरात असते. पीडमाँट किंवा स्वीट कॅपोरल असेल तर नेहमीचा भाव. ड्रम, उझिट असली दुर्मीळ पाठ निघाली तर तोच खेळाडू कितीतरी पट महाग. आणि इथे सगळ्या पाठी पानाला चिकटलेल्या.

थोरली नखाने एक कोपरा उचलायला गेली, मी हात मध्ये घातला. ओढलं की पाठीचा थर पानावर राहतो, जाहिरातीसकट. उपाय पाण्याचा आहे आणि तो या छंदात मान्य आहे, रसायनाचा नाही. पान कापून एकेक कार्ड सुटं करायचं. खोलीच्या तापमानाचं डिस्टिल्ड पाणी पसरट भांड्यात घ्यायचं. नळाचं नको, क्षारांचे डाग राहतात. कार्ड पानासकट बुडवायचं. खळ असेल तर अर्ध्या तासापासून काही तासांत कार्ड आपोआप सुटतं. पाठीवरचा बुळबुळीतपणा ओल्या बोटाने हलकेच काढायचा. मग दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर जड पुस्तक, आणि पहिल्या दिवशी टीपकागद दोन-तीनदा बदलायचे, नाहीतर कार्ड वाकतं. काळ्या पानाचा रंग सुटतो. पाणी करडं झालं की लगेच ओतून नवं घ्यायचं, नाहीतर किनार मळते. त्या काळच्या लिथो छपाईची, म्हणजे शिळाछापाची, शाई पाण्याला टिकते, पेनाने लिहिलेलं नाव टिकत नाही. डिंक आधुनिक, रबरी असेल तर पाणी काहीच करत नाही, तिथे थांबायचं. आणि सुरुवात कॉबपासून नाही. आधीच घडी पडलेला, कुणाला नको असलेला एखादा खेळाडू पहिला.

भाव इतके का चढले, हे धाकटीने निघताना विचारलं. २०२० मध्ये लोक घरी अडकले, हातात पैसा होता, जुने संग्राहक परतले आणि गुंतवणूकदार आले. मार्च २०२१ मध्ये पीएसएला कार्डांचा लोंढा पेलेना, म्हणून बहुतेक स्वीकृती थांबवावी लागली. नंतर नव्या खेळाडूंच्या चमकदार कार्डांचे भाव २०२२ मध्ये धडाधड उतरले, जुन्यांनी त्यामानाने तग धरला. डबीवरच्या अंकामुळे न पाहता, दूरवरून बोली लावता येते. त्यामुळे भाव अंकाला चिकटतो आणि अर्ध्या ग्रेडचा फरक हजारोंचा होतो. त्याच अर्ध्या ग्रेडसाठी आजही कुणीतरी कटर काढतं. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या, डबीबाहेरच्या महाग कार्डांत एक तरी कापलेलं निघतंच.

मँटल आणि नऊ कार्डं पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, मग अर्धकडक कार्ड सेव्हरमध्ये घातली, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून निळ्या पेंटर्स टेपने बांधली. साधी चिकटपट्टी लावली तर ग्रेडिंगवाल्याकडे ती सोडवताना कार्डाला हिसका बसतो. पोस्टाने रजिस्टर्ड, कारण त्यात ५० हजार डॉलरपर्यंत विमा मिळतो.

राहिली चाकांच्या बॅगेतली दोन खोकी. तीच दोघींनी सगळ्यात जपून आणली होती, ओल लागू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून. १९८८ ते १९९१, पाकिटांतून काढून सरळ खोक्यात, एकही कोपरा दुमडलेला नाही. त्या वर्षांत कंपन्यांनी इतकी कार्डं छापली की आज ती किलोवर घ्यायलाही कुणी तयार नाही. मी तसं सांगितलं. थोरलीने खोकी दाराशी ठेवून जाऊ का विचारलं. धाकटीने काही न बोलता टॉवेल परत गुंडाळले आणि बॅग ओढत गाडीकडे नेली.