शनिवार दुपार ते सोमवार सकाळ

आमच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात शनिवारची शाळा सकाळची असते, त्यामुळे मुलांची सुटी म्हणजे शनिवार दुपार ते सोमवार सकाळ. एवढ्याशा वेळेवरही इंग्रजीच्या गृहपाठाचा भार टाकावा का, यावर शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी वाद होतो. माझे मत असे की गृहपाठ द्यावा, पण तो गाईडमध्ये सापडणार नाही असा द्यावा.

हे शहाणपण मला उशिरा आले. पूर्वी मी धड्याखालची सगळी प्रश्नोत्तरे लिहून आणायला सांगत असे. एका सोमवारी नववीच्या वह्या तपासताना एकाच शब्दातले तेच अक्षर सतरा वह्यांत गळलेले दिसले, तेव्हा कुठे लक्षात आले की चूक छापखान्याची आहे. लाल शाई मात्र मी सतराही वेळा वापरली होती.

आता वाचनासाठी पाठ्यपुस्तकाबाहेरचा पानभर उतारा देतो. तो दोनदा मोठ्याने वाचायचा, अडलेल्या शब्दांपैकी फक्त तिहींखाली पेन्सिलीने रेघ मारून तेवढेच शब्दकोशात पाहायचे आणि उताऱ्याचा सारांश एक तृतीयांशात, स्वतःच्या वाक्यांत लिहायचा. बंधन नसले की मुले वाक्य सोडून शब्दार्थ गोळा करत बसतात. तीनच शब्दांची मुभा असली की उरलेल्यांचा अर्थ मागच्यापुढच्या वाक्यांवरून लावावा लागतो, आणि दहावीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत अपरिचित उतारा समोर आला की नेमके हेच करावे लागते.

लेखनासाठी आठ वाक्ये, विषय घरचा. ‘माझा रविवार’ या विषयावर बहुतेकांनी पहाटे उठून व्यायाम केल्याचे लिहिले, ज्यावर त्यांच्या आयांचाही विश्वास बसला नसता. करवीर तालुक्यातल्या एका गावाहून एसटीने येणाऱ्या मुलाच्या वहीत मात्र वाक्य होते : ‘आय टेक आउट द एज ऑफ बफेलो.’ म्हशीची धार काढतो! शब्दकोशात त्याला विळ्याची धार सापडली होती. त्याला विचारून ते वाक्य मी फळ्यावर लिहिले. ‘मिल्क’ हे इंग्रजीत क्रियापदही आहे आणि ‘आय मिल्क द बफेलो’ एवढ्यात काम भागते, हे कळल्यावर वर्गाला कंठ फुटला. वैरणीला काय म्हणायचे, शेणाला काय, दूध संस्थेत फॅट लागते त्याला काय? फॅट हा शब्द मुळातच इंग्रजी आहे, याचे अर्ध्या वर्गाला नवल वाटले.

तपासणीचे गणित अवघड आहे. ५२ वह्या, प्रत्येकी आठ वाक्ये, म्हणजे ४१६ वाक्ये, आणि सोमवारी हाताशी दोन ऑफ तास. म्हणून एका आठवड्यात एकाच प्रकारच्या चुका दुरुस्त करतो, कधी काळाच्या, कधी ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ यांच्या. ‘सर, बाकीच्या चुका तशाच सोडता,’ अशी पालकांची तक्रार येते आणि ती खोटी नाही. पण पान लाल करून परत दिले की पुढच्या सोमवारी त्याच वहीत पुन्हा गाईडची वाक्ये येतात, हे मी पाहिले आहे.

म्हशीवाल्या मुलाने परवा आठाऐवजी नऊ वाक्ये लिहून आणली. नववे अर्धेच होते आणि पुढे कंसात मराठीत लिहिले होते, ‘सर, रेडकाला काय म्हणतात?’