मरून ड्रायफिटवरचा पांढरा पुन्हा गुलाबी

मंडळी, ढोलपथकाच्या सरावाच्या टीशर्टचं डीटीएफ सँपल (फिल्मवर छापून चिकट पावडर वितळवून कापडावर उतरवायची छपाई) रात्री हीट प्रेसमधून काढलं तेव्हा पांढरा असला उठून दिसत होता की लगेच पथकाच्या ग्रुपवर फोटो टाकला, धडाधड अंगठे आले, आणि सकाळी बघतो तर सगळी अक्षरं स्ट्रॉबेरी मिल्कशेक. डाय मायग्रेशन, दुसरं काय!

ड्रायफिट म्हणजे पॉलिएस्टरच, आणि पॉलिएस्टर डिस्पर्स डायने रंगवतात आणि तापला की तो डाय वायू होऊन सुटतो. ज्या गुणावर आपली सब्लिमेशनची छपाई चालते, १९०-२०० डिग्रीला मगवर फोटो उमटतो, तोच गुण डीटीएफमध्ये आपल्याच मुळावर येतो. कापडातला मरून वर चढून पांढऱ्या शाईत जाऊन बसतो, आणि प्रेस उघडली म्हणून काही तो थांबत नाही, तासन्‌तास चढतच राहतो. गरम टीशर्टांची थप्पी लावली तर विचारूच नका. कॉटनला हा ताप नाही, तिथला रिॲक्टिव्ह डाय धाग्याला पक्का बांधलेला असतो. त्याच फिल्मचा तुकडा कॉटनवर मारलाय, तो मस्त पांढराशुभ्र आहे. पण पोरांना ड्रायफिटच पाहिजे, कारण ढोल कमरेला बांधून दोन तास वाजवल्यावर कॉटन पिळून काढावं लागतं. तेही खरंच आहे म्हणा.

मग तापमान उतरवून बघितलं. नेहमीचं १५५ सोडून १४० वर आलो. गुलाबीपणा कमी झाला पण फिल्म सोलताना उजवीकडची बारीक अक्षरं फिल्मबरोबरच वर यायला लागली, 'मंगलमूर्ती'चा अनुस्वार फिल्मवर आणि टीशर्टवर 'मगलमूर्ती'. गंमत म्हणजे डावीकडे सगळं घट्ट चिकटलेलं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला आणि बोहरी आळीतून आणलेली थर्मामीटर गन प्लेटवर फिरवली. डिस्प्ले म्हणतो १४०, मधोमध १४६, उजव्या पुढच्या कोपऱ्यात १३३! म्हणजे मध्ये गुलाबी आणि कोपऱ्यात सुटतंय, दोन्ही आजार एकाच प्लेटचे. एवढे दिवस पावडरला शिव्या घालत होतो. आता कोपरा सोडून डिझाइन डावीकडे सरकवून ठेवतो, आधी तीन-चार सेकंद रिकामा प्रेस (या पावसाळ्यात कापड इतकं ओलसर असतं की वाफ दिसते), मग १२ सेकंद, आणि निघाला की टीशर्ट सरळ पंख्याखाली. कालचं सँपल कोरा कागद शेजारी ठेवल्याशिवाय गुलाबी वाटत नाही. मला हे चालतंय. पथकाच्या ताईंना चालत नाहीये, त्यांनी शेजारी कोरा कागदच ठेवला.

फिल्मवाल्याला विचारलं तर म्हणे "सर, आमच्या पावडरला मायग्रेशन होतच नाही". होतच नाही म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नये असं माझं मत झालंय. ज्याला १३० ला वितळणारी पावडर आणि कार्बन घातलेली, रंग वर चढू न देणारी काळी ब्लॉकर पावडर यातला फरक विचारल्यावर सांगता येतो त्याच्याकडून घ्यावं.

ब्लॉकआउट व्हिनाइलचं मात्र कौतुक करायलाच हवं. मागून करडा थर असलेलं एचटीव्ही (अक्षरं कापून उष्णतेने चिकटवायचं व्हिनाइल), त्याच मरूनवर मारलं, आजपर्यंत जराही रंग चढलेला नाही. पण कॅलिग्राफी फॉन्टची विडिंग, म्हणजे अक्षरांभोवतीचं नको असलेलं व्हिनाइल हुकने उपटणं, करून बघा एकदा. वेलांटीचं टोक हुकला अडकलं की अख्खी मात्रा उपसून येते. त्यामुळे पाठीवरचं नाव आणि नंबर व्हिनाइलमध्ये आणि छातीवरचा गणपती डीटीएफमध्ये, असं ठरवून टाकलं होतं.

ठरवलं होतं, कारण हे लिहितानाच सुचलं की आपण हे उलटं का करत नाही? पांढरं पॉलिएस्टर घ्यायचं, मरून आपणच सब्लिमेशनने छापायचा आणि अक्षरांची जागा कोरी सोडायची. पांढरी शाईच नाही तर गुलाबी काय होणार! क्रिकेटच्या जर्सी अशाच तर बनतात. अडचण एकच, शिवलेल्या टीशर्टवर काखेत आणि शिवणीपाशी घड्या पडून पांढऱ्या रेघा राहतात, म्हणजे आधी कापड छापायचं आणि मग शिवायचं, आणि माझ्या १५ बाय १५ च्या प्रेसवर पुढचा अख्खा भाग मावत नाही. जर्सी बनवणाऱ्या युनिटकडे जॉबवर्क टाकावं लागेल. मोठी ऑर्डर असेल तर परवडेल, पथकाची तेवढी आहे का ते आज रात्री सरावाला जाऊन विचारतो.

तोपर्यंत कोणी मरून किंवा भगव्या ड्रायफिटवर काळी ब्लॉकर पावडर वापरली असेल तर सांगा. कडेने काळी रेघ दिसते म्हणतात, म्हणून पांढऱ्या शाईचा थर डिझाइनच्या कडेपासून किती पिक्सेल आत घेताय तेही लिहा. आणि पुण्यात ही पावडर सुटी पाव-अर्धा किलो मिळत असेल तर आधी ते, कारण सगळे पाच किलोची पिशवीच पुढे करतायत.