गाउसच्या आधीचं गाउस एलिमिनेशन

मॅट्रिक्स (आकड्यांची चौकट) म्हटलं की पोरांच्या पोटात गोळा येतो आणि शिव्या बसतात गणितज्ञ गाउसला, पण तो जन्मला १७७७ ला, आणि चीनमधे हीच मेथड, म्हणजे ओळी एकमेकींतून वजा करत एकेक अज्ञात उडवायची, साधारण दोन हजार वर्षांपूर्वी चालू होती, तीपण काड्या मांडून! त्यांचं एक गणित बघा, धान्याच्या ३ चांगल्या, २ मध्यम, १ हलकी पेंढी मिळून ३९ मापं, मग २, ३, १ ची ३४ आणि १, २, ३ ची २६, तर प्रत्येक प्रकारच्या एका पेंढीत किती?

हे आकडे तीन ओळींत मांडा (पहिली ३, २, १, ३९). दुसरी ओळ गुणिले ३, त्यातून पहिली दोनदा वजा, उरलं ०, ५, १, २४. असंच करत शेवटी ३६ हलक्या म्हणजे ९९, की झालं, हलकी पावणेतीन, मध्यम सव्वाचार, चांगली सव्वानऊ. (ते ओळी उभ्या मांडायचे, एवढाच फरक.) आणि मायनससाठी काळ्या काड्या, प्लसला लाल, भारीच ना!