लहान झालेलं पोट आणि मिसळणाचा डबा

वजनासाठी माझं गॅस्ट्रिक बायपासचं ऑपरेशन झालं, तेव्हा डॉक्टरांनी आकृती काढून समजावलं होतं. जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलीची पिशवी ठेवायची आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडायची. बाकीचं जठर शरीरातच राहतं, पण अन्न तिकडे फिरकत नाही. मला ते पटलं होतं. घरच्यांच्या मनात मात्र माझं पोट जुनंच होतं.

"साबुदाण्याची खीर करू का गं? अंगात त्राण येईल," आई म्हणाली.
"साखर नाही चालत, आई."
"मग गूळ घालते."

गूळ, मध, साखर, या पोटाला सगळं सारखंच. गोड पदार्थ पिशवीत थांबत नाही, धाडकन आतड्यात उतरतो. आतडं पाणी ओढून घेतं आणि पंधरा-वीस मिनिटांत मुरडा, धडधड, घाम, जुलाब. याला डंपिंग म्हणतात. त्याचा दुसरा प्रकार जास्त फसवा. खाल्ल्यावर एक ते तीन तासांनी रक्तातली साखर एकदम खाली येते, हात थरथरतात, भूक लागल्यासारखं वाटतं आणि माणूस पुन्हा गोडच शोधतो. त्यामुळे शेजारणीचं "सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध घे" मी हसून सोडून दिलं.

उलट ताकाने मला खरोखर तारलं. बायपासनंतर पुष्कळांना दूध पचेनासं होतं, मलाही अर्धा कप चहातलं दूध गुबारा आणायचं. पातळ ताक, त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि हिंगाची चिमूट, हे मात्र निमूट उतरायचं. अडचण वेळेची होती. आपल्याकडे जेवण संपतं ते ताकावर, आणि मला जेवताना पातळ काही प्यायचं नव्हतं. जेवल्यावर अर्धा तास थांबायचं. ताटाचा क्रमही फिरला. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणून आधी मुगाची उसळ, अंडं किंवा मासा, मग भाजी, आणि जागा उरलीच तर भाकरीचा चतकोर. वरणभात आधी वाढायची सासूबाईंची सवय सुटायला बरेच दिवस लागले.

गॅससाठी ओवा चघळायचे. बरं वाटायचं, नाही असं नाही. पण खरा फरक पडला तो घास बारीक चावून, न बोलता जेवायला लागल्यावर. ऑफिसच्या डब्याच्या वेळी न बोलणं ही शिक्षाच आहे.

बद्धकोष्ठाचं प्रकरण चिवट. पाणी कमी जातं, अन्न थोडं, वर लोहाच्या गोळ्या. आत्याबाईंनी इसबगोल सुचवला. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, आत्ताच नको, नंतर घ्यायचा तर भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर तो आतच फुगून अडकायचा. पुढे परवानगी मिळाली तरी माझा ग्लास संपायला अर्धा तास लागायचा आणि तोवर इसबगोलाची खळ झालेली असायची! मग घोटभर पाणी दिवसभर, शिजवलेला दुधी, पपईच्या दोन फोडी यावरच गाडी आली. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तास लांब ठेवायची, हे फ्रिजवर लिहून चिकटवलंय.

एक दुखणं मात्र मिसळणाच्या डब्यातलं नव्हतं. उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीपर्यंत जायची. ओवा झाला, हिंगाचा लेप झाला. ती हटेना तेव्हा सोनोग्राफी केली. पित्ताशयात खडे. वजन भराभर उतरलं की ते होतात, म्हणून काही डॉक्टर सुरुवातीचे सहा महिने त्यासाठी गोळी देतात. मी पित्ताशय काढून घेतलं.

उलट्यांच्या बाबतीतही मी आलं-लिंबू चाटत बसत नाही. त्या थांबल्या नाहीत तर शरीरातलं थायमिन, म्हणजे बी१, झपाट्याने संपतं आणि नसांवर, मेंदूवर परिणाम होतो, म्हणून सरळ डॉक्टरांना फोन. आणि पोट दुखो की कंबर, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घ्यायचं नाही. पिशवी आणि आतडं जिथे जोडलंय तिथे त्याने अल्सर होऊ शकतो. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्यालाही मी हे सांगून ठेवलंय.