आधी कागदाची नाडी बघा: कॅमेऱ्याने हृदयगती, प्रकाशाच्या चाचण्या

कॅमेऱ्यात दिसणाऱ्या चेहऱ्याच्या रंगावरून हृदयाचे ठोके मोजायचा हा प्रयोग; या टप्प्यात अल्गोरिदमला हात लावला नाही, फक्त दिवे बदलले. नाडीमुळे त्वचेच्या रंगात पडणारा फरक हिरव्या चॅनेलमध्येही (चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांपैकी हिरवा) जेमतेम एक टक्का, बऱ्याचदा त्याहून कमी. तेवढी लुकलुक साधा एलईडी दिवाही सहज करतो.

म्हणून चेहऱ्याशेजारी, त्याच प्रकाशात, मॅट राखाडी कागद लावला. (पांढरा नको, तो 255 ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन कापला जातो.) कपाळ आणि कागद, दोन्हींच्या हिरव्या चॅनेलची सरासरी काढून एकाच प्रक्रियेतून न्यायची: 0.7 ते 4 हर्ट्झ बँडपास (तेवढाच पट्टा ठेवणारा फिल्टर), 20 सेकंदांची विंडो (एका वेळी तपासायचा तुकडा), मग एफएफटी (कोणती वारंवारता किती जोरात आहे त्याचा आलेख देणारं गणित). 10 सेकंदांच्या विंडोत आलेखाचं एक घर मिनिटाला 6 ठोक्यांचं होतं, 20 मध्ये 3 चं. कागदाच्या आलेखात शिखर आलं तर ते दिव्याचं.

आणि ते येतं. 50 हर्ट्झ विजेवर दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेमवर असेल तर 30 ची जवळची पट वजा जाऊन उरलेली लुकलुक चित्रात दिसते: 100 उणे 90, म्हणजे 10 हर्ट्झ; ते फिल्टरबाहेर जातं. पण ऑटो एक्स्पोजर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ प्रकाश घ्यायचा ते कॅमेऱ्यानेच ठरवणं) चालू असलं की अंधुक प्रकाशात वेबकॅम गुपचूप वेग कमी करतो. समजा 24.6 झाला: चौपट 98.4, उरले 1.6 हर्ट्झ. मिनिटाला 96 ठोके! इतकी स्वच्छ, खोटी नाडी कोणताही फिल्टर काढू शकत नाही, कारण ती नाडीच्याच पट्ट्यात बसलेली असते. फ्रेमचा वेग सेटिंगवरून धरू नका, टाइमस्टॅम्पवरून मोजा.

उपाय एक्स्पोजरमध्ये आहे. तो 10 किंवा 20 मिलिसेकंदांवर पक्का केला की प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकीची पूर्ण आवर्तनं येतात आणि सरासरी सपाट होते. लिनक्सवर एक्स्पोजरचं एकक 100 मायक्रोसेकंद, म्हणजे आकडा 100 किंवा 200. ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणं) आणि ऑटो गेनही (उजळपणा आपोआप वाढवणं) बंद करा. 10 मिलिसेकंदांच्या खाली गेलात तर रोलिंग शटरमुळे (फ्रेम एकदम न घेता ओळीओळीने घेतली जाते) चेहऱ्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतील.

उजेड जास्त झाला तर डिमर फिरवू नका. बरेच डिमर दिवा भराभर चालू-बंद करूनच तो मंद करतात, म्हणजे नवी लुकलुक. दिवा मागे सरकवा, पुढे ट्रेसिंग पेपर धरा. त्याने कपाळावरची चकाकीही मावळते. चकाकी म्हणजे त्वचेत न शिरताच परतलेला प्रकाश, त्यात नाडी नसतेच. गडद त्वचेला मात्र उजेड जास्तच द्यावा लागतो, मेलॅनिन बराच शोषून घेतं. कपाळावर हिरव्याची सरासरी 120 ते 180 मध्ये ठेवा.